मातीची पॉलिसी

लवाडा क्रूम कोणाच्याही घरी विमा विकायला गेली, की आधी तिथे जेवायची. आपल्याच चर्चमधल्या बाईला उपाशी कोण परत पाठवणार, आणि आपल्या हातचं जेवून तृप्त झालेल्या बाईला नाही तरी कुठल्या तोंडाने म्हणणार? त्या दुपारी व्हर्लीनने तिच्यापुढे पालेभाजी, मक्याचा पाव आणि तळलेला मासा ठेवला. लवाडाने सगळं निगुतीने संपवलं, काटे ताटाच्या कडेला ओळीने लावले, बोटं पुसली आणि मग पिशवीतून कागद काढले.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला व्हर्लीनचा नवरा, रोझेल पेटवे, हाताची घडी घालून बसला होता. वय ऐंशीला टेकलेलं. सगळी हयात जिनिंग फॅक्टरीत कापसाची धूळ गिळण्यात गेली होती. आता शुगर होती, छाती घरघरत होती, आणि डाव्या पायाची दोन बोटं डॉक्टरांनी काढून घेतली होती. अशा माणसाला मातीची पॉलिसी हवी, यात नवल काय? आपल्याकडे तिला तेच म्हणतात. माणूस गेला की पेटी, गाडी, कबर खणणारे आणि नंतरचं जेवण, एवढं सगळं त्यात भागतं. बाकी तिचा काही उपयोग नाही.

"सुई नाही, लघवी नाही," लवाडा म्हणाली. "नुसते प्रश्न. खरं सांगायचं, एवढंच."

"आणि हप्ता?" व्हर्लीनने विचारलं.

लवाडाने आकडा सांगितला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सरकारचा जो चेक महिन्याला यायचा, त्यात वीज, औषधं आणि पोट भागवून एक हप्ता कसाबसा बसला असता. दोन नाही.

"मग मी सरळच सांगते," लवाडा म्हणाली. "ब्रदर रोझेलला कंपनी घेईल, पण महाग घेईल. शिवाय पहिल्या दोन वर्षांत काही बरंवाईट झालं, तर भरलेले हप्ते तेवढे परत, बाकी ठणठणाट. सिस्टर व्हर्लीनला मात्र आजपासून पूर्ण पॉलिसी मिळते, तीही जवळजवळ अर्ध्या हप्त्यात. एकच काढायची असेल तर तिची काढा."

व्हर्लीन हसली. "मी कुठे मरायला टेकलेय? एवढ्या वयात दवाखान्याची पायरी चढले ती फक्त बाळंतपणाला."

"म्हणूनच तर स्वस्त मिळतेय."

"छप्पर गळतंय स्वयंपाकघरात आणि पत्रे टाकू ओसरीवर? कमाल करतेस, लवाडा. जो आधी जाणार त्याचा विमा काढायचा. हा माझ्याआधी जाणार, हे त्यालाही ठाऊक आहे, मलाही. हो की नाही रे, म्हाताऱ्या?"

रोझेलच्या डोळ्यांपुढे त्याचा धाकटा भाऊ, ओझी, उभा होता.

ओझी दूर शहरात भाड्याच्या खोलीत एकटाच मेला. त्याला आणायला यांच्याकडे पैसे नव्हते. तिथल्या जिल्हा कचेरीने बेवारस प्रेताची मुदत संपेपर्यंत वाट पाहिली आणि त्याला भट्टीत घातलं. मग एक दिवस टपालाने पुठ्ठ्याचा खोका आला. रोझेलने सही करून घेतला. ओझी दारातून वाकून आत यायचा एवढा उंच, आणि खोका पिठाच्या पिशवीएवढा. माउंट नेबो चर्चच्या आवारात टोमॅटोचं रोप लावायला खणतात तेवढाच खड्डा खणला. प्रार्थना म्हणायला पास्टर आले, तर उभं कुठे राहावं हे त्यांना कळेना, कारण डोकं कुठल्या बाजूला आणि पाय कुठल्या, हेच कोणी सांगू शकत नव्हतं.

रोझेल तेव्हापासून धसकला. माउंट नेबोत तो लहानपणापासून ऐकत आला होता, की शेवटल्या सकाळी तुतारी वाजेल आणि आवारातली सगळी माणसं आपापल्या पेटीतून उठून बसतील. त्याने ते कधी कथा म्हणून ऐकलंच नव्हतं. उद्या सकाळी गाडी येणार आहे, तसं ते त्याला ठाऊक होतं. मग ओझी कशाने उठणार? पास्टर म्हणाले, देवाला सगळं शक्य आहे. देवाला असेल. पण ओझीला? रोझेलला आगीची भीती वाटायची, ती अशी. मरणाची नाही, मरणानंतरच्या आगीची. रात्री घाम फुटून उठायचा आणि पाय जागेवर आहेत ना, हाताने चाचपून बघायचा.

"माझ्या नावाने एक दमडी भरू नका," व्हर्लीन लवाडाला सांगत होती. "मला खुशाल जाळा. मला काय कळणार आहे? तुझा कागद पुढे कर आणि याचं नाव लिही."

रोझेलने एवढंच म्हणायचं होतं, की नाही, तिचीच काढ. पन्नास वर्षं ज्या बाईने ताट वाढलं तिच्यासाठी एवढं एक वाक्य. ते तोंडापर्यंत आलं होतं, की आलंच नव्हतं, हे पुढे त्याचं त्यालाही ठरवता आलं नाही. लवाडा हातात पेन धरून त्याच्याकडे बघत थांबली होती. चांगली थांबली होती. त्याने खाकरून घसा साफ केला आणि कुठे सही करायची ते विचारलं.

लवाडा निघाली तेव्हा व्हर्लीन तिला गाडीपर्यंत सोडायला गेली. दोघी बराच वेळ बोलत उभ्या होत्या. बायकांच्या गप्पा, असं म्हणून रोझेलने उरलेला मासा संपवला. त्या रात्री तो कित्येक वर्षांनी गाढ झोपला. हे सांगायलाच हवं, कारण पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या झोपेची.

दोन वर्षं हप्ते गेले. रोझेल मेला नाही. पॉलिसी पिकली त्या दिवशी व्हर्लीनने दुकानातून केक आणला आणि त्याच्यासाठी नखाएवढा तुकडा कापला.

"आता मर खुशाल," ती म्हणाली. "आता तू मेलेला परवडतोस मला."

"घाई आहे का?"

"गँडीच्या दुकानात नवा रंग आलाय म्हणे पेट्यांना. उशीर केलास तर जुना माल गळ्यात मारतील."

असं ती बोलायची. आणि त्याच हिवाळ्यात, एका शनिवारी, दुसऱ्या दिवशीच्या चर्चसाठी आपले पांढरे हातमोजे इस्त्री करता करता, ती उभ्याची खाली बसली. रोझेल बाहेरून लाकडं घेऊन आला तेव्हा इस्त्री टेबलावर धूर काढत होती. व्हर्लीन जमिनीवर भिंतीला टेकून होती, तोंड एका बाजूला ओढलेलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, ओळखलंही. रुग्णवाहिका शेजारच्या जिल्ह्यातून यायची होती. ती आली तेव्हा तिचं काम उरलं नव्हतं.

अंत्यविधी करणाऱ्या गँडी अँड सन्सची काळी गाडी तिला घेऊन गेली. दूर मिलवॉकी शहरातून मुलीचा, डेनिटाचा, फोन आला. आधी ती खूप रडली. मग तिने विचारलं, "डॅडी, मम्माची पॉलिसी आहे ना?"

"माझी आहे."

"तुमची नाही विचारत. मम्माची."

"नाही."

डेनिटा दोन ठिकाणी कामाला होती आणि तरी तिची गाडी हप्त्यापायी कंपनीने ओढून नेली होती. हे रोझेलला माहीत होतं. म्हणून तो तिला काही मागणार नव्हता, आणि तो मागणार नाही हे तिलाही माहीत होतं.

"इकडे आता सगळे दहनच करतात, डॅडी," ती शेवटी म्हणाली. "स्वस्त पडतं. आणि मम्मा मला स्वतः म्हणाली होती, मला जाळा, मला काय कळणार आहे. तुम्हालाही म्हणाली असेल."

"म्हणाली होती."

"मग झालं तर. तिचीच इच्छा आहे."

रोझेलला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलायचं? बायको गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला हायसं वाटलं, आणि पाठोपाठ स्वतःची किळस आली. तरी तो गँडीकडे निरोप ठेवून आलाच, की उद्या सकाळी येतो आणि दहनाच्या कागदावर सही करतो.

संध्याकाळी लवाडा आली. या वेळी तिने काय शिजलंय ते पाहिलं नाही. हातात केक होता आणि खांद्यावर धोब्याच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पांढरा पोशाख. माउंट नेबोच्या दारात उभं राहून लोकांना जागा दाखवणाऱ्या बायका घालतात तो. व्हर्लीन त्या बायकांची प्रमुख होती.

"हा माझ्याकडे ठेवलेला होता," लवाडा म्हणाली. "दरवर्षी धुवून इस्त्री करून ठेवत होते. तिने सांगितलं होतं."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? घालायला. ब्रदर रोझेल, तिला पेटीत हा घालायचाय. छातीवर बिल्ला, हातात मोजे. आणि शेवटचं गाणं होईपर्यंत पेटी उघडी ठेवायची, झाकण लावायचं नाही. हे तिने मला बजावून सांगितलंय."

"पण ती तर म्हणाली होती…"

"माझ्यासमोरच म्हणाली. आणि मग गाडीपाशी येऊन माझा दंड धरला." लवाडा खुर्चीत बसली. वय झालेली बाई, पोशाख मांडीवर घेऊन बसली. "म्हणाली, लवाडा, भीती मलाही वाटते गं. पण त्याला जास्त वाटते. माझं मी बघेन, म्हणाली. तू फक्त कपडे सांभाळ."

रोझेलने पोशाखाच्या प्लास्टिकवर हात ठेवला.

"मला तेव्हाच सांगितलं असतंस तर?"

"तिने शपथ घातली होती. आणि खरं सांगू? मला वाटलं, तूच बोलशील. पेन घेऊन बसले होते मी तुझ्यासमोर."

तिने टोमणा मारला नव्हता. मारला असता तर बरं झालं असतं.

"चर्चमध्ये वर्गणीची थाळी फिरवू," लवाडा म्हणाली.

"नको. तिने उभ्या जन्मात दुसऱ्यांसाठी थाळी फिरवली. कोण किती टाकतं आणि टाकताना कसं तोंड करतं, ते तिने पाहिलंय. आणि आता उरलंय कोण तिथे? तुझ्या-माझ्यासारखी म्हातारी. थाळीत टाकतील काय, औषधाच्या गोळ्या?" तो उठून खिडकीपाशी गेला. "माझी पॉलिसी तिला नाही का लावता येणार?"

"तू मेल्याशिवाय तो नुसता कागद आहे, ब्रदर रोझेल. ज्याच्या नावावर करशील त्याला पैसे मिळतील, पण तू गेल्यावर. तोपर्यंत कोण थांबणार?"

सकाळी रोझेल गँडीकडे गेला. पॉलिसीचा कागद त्याने कोटाच्या आतल्या खिशात ठेवला होता. लुशियस गँडी टेबलामागे बसला होता. अंगाने प्रचंड, आवाजाने मऊ, सोमवारीसुद्धा काळ्या सुटात. गावातली निम्मी माणसं त्याच्या बापाने पुरली होती, उरलेली तो पुरत होता.

"तिला जाळायचं नाही," रोझेल म्हणाला. "व्यवस्थित माती द्यायची. पेटी, गाडी, जेवण, सगळं. आणि ही पॉलिसी घे. तुझ्या नावावर करतो. मी मेलो की पैसे तुझे."

गँडीने कागद हातात घेतला नाही. "ब्रदर पेटवे, आजवर असं कोणी मागितलेलं नाही."

"मग मी मागतोय."

"मी आज खर्च करायचा आणि तुझ्या मरणाची वाट बघत बसायचं. किती दिवस?"

"ते मी कसं सांगणार?"

"डॉक्टर काय म्हणतो?"

रोझेलने सांगितलं. शुगर सांगितली, छाती सांगितली, पायाची बोटं सांगितली, किडनीबद्दल डॉक्टर जे पुटपुटला तेही सांगितलं. बाजारात खेचर विकायला आणलेला माणूस त्याचे दात दाखवतो, तसा तो एकेक आजार पुढे करत होता. गँडी मान डोलावत ऐकत होता.

"बाप किती जगला तुझा?"

"नव्वदच्या पुढे."

गँडीने पेन खाली ठेवलं.

"आई साठीतच गेली," रोझेल घाईघाईने म्हणाला.

"तू कोणावर गेलायस?"

"सगळे म्हणतात आईवर."

गँडी हसला नाही. अशा गोष्टीला हसायचं नाही, हे त्याला बापाने शिकवलं होतं. "आणि हप्ता थकला तर? तू विसरलास, बँकेत पैसे नसले, पॉलिसी बुडाली. मग मी काय, तिला परत वर काढू?"

"चेक आला की हप्ता आपोआप कापला जातो. तो कापल्यावर जे उरतं त्यात मी खातो. आजवर चुकला नाही. लवाडाला विचार."

"मग तुझं काय?"

रोझेलने कागदाची घडी बोटाने सपाट केली.

"मी विचारतोय, ब्रदर पेटवे. ही एकच पॉलिसी. ती मला दिलीस की तुझ्यासाठी काही उरत नाही. मी तुला शब्द देणार नाही, की तेव्हा बघू, काहीतरी करू. माझीही मुलंबाळं आहेत. तुझं काय करायचं?"

"जिल्हा करेल ते."

"जिल्हा काय करतो, ठाऊक आहे ना?"

"ओझीचा खोका सही करून मीच घेतला होता."

हा माणूस किती वर्षं या आगीला भ्यायला होता ते सगळ्या माउंट नेबोला माहीत होतं. पोरं त्याची नक्कल करायची. गँडीने हळूच कागद आपल्याकडे ओढला आणि कुठे कुठे सह्या लागतील ते बोटाने दाखवलं. रोझेलची पहिली सही ओळ सोडून खाली गेली. गँडीने दुसरा कागद दिला. दुसरी सही नीट झाली.

"पेटी कुठली?" गँडीने विचारलं.

रोझेल पेट्यांच्या खोलीत गेला आणि त्याने निळ्या पेटीवर हात ठेवला. पॉलिसी घेतल्यापासून त्याने ती स्वतःसाठी हेरून ठेवली होती. दोनदा मुद्दाम बघायलाही आला होता.

माती छान झाली. डेनिटा बसने रात्रभर प्रवास करून आली आणि कुठून जमवलंत, म्हणून विचारत राहिली. "पॉलिसी निघाली," एवढंच रोझेल म्हणाला. शेवटचं गाणं होईपर्यंत पेटी उघडी होती. पांढऱ्या पोशाखातल्या बायका दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. व्हर्लीनच्या हातात मोजे, छातीवर बिल्ला, ओढलेलं तोंड गँडीने सरळ केलेलं. चर्चच्या दारात उभी असायची तशीच दिसत होती, आता म्हणेल, पुढे सरका, मधे जागा आहे. झाकण लावलं तेव्हा रोझेलचा बांध फुटला आणि तो लहान पोरासारखा रडला.

लोक जेवायला आत गेले. कबर बुजवणारा माणूस फावडं टेकून त्याच्याजवळ आला. गँडीने त्याला काही सांगितलेलं दिसत नव्हतं.

"शेजारी एक जागा राखून खणलंय, काका," तो म्हणाला. "तुमच्यासाठी. नवरा-बायकोचं आम्ही तसंच करतो."

"ती दुसऱ्या कोणाला दे," रोझेल म्हणाला.

माणसाला काही कळलं नाही. तो आपली अवजारं गोळा करून निघून गेला. रोझेल काठी टेकत, एक हात मातीवर ठेवत, हळूहळू खाली बसला. ओल्या मातीवर फुलं होती. आता त्याला खरी भीती वाटत होती. ती आता मरेपर्यंत जाणार नव्हती. तरी बोलताना त्याचा आवाज घरच्यासारखाच होता.

"ऐक, म्हातारे. तुतारी वाजून त्या दिवशी उठलीस की आधी बाजूला बघशील, मला माहीत आहे. मी तिथे नसणार. तू हाका मारत बसू नकोस. लवाडा असेल, बाकीच्या बायका असतील. त्यांचा हात धर आणि चालू लाग."